एसडीए म्हणजे नेमकी कोणती डिस्क?

आठ डिस्कच्या सर्व्हरमधली एखादी डिस्क बिघडू लागली की कर्नलच्या नोंदींत ओळ उमटते : 'एसडीएफ'वरून वाचताना चूक. मग कोणीतरी सर्व्हरपाशी जाऊन आठ खणांपैकी एका खणातली डिस्क बाहेर ओढायची असते. रेड-५ या अनेक डिस्क मिळून बनलेल्या संचातली एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. पण बिघडलेल्या डिस्कऐवजी धडधाकट डिस्क ओढली गेली, तर संचाच्या दृष्टीने दोन डिस्क गेल्या आणि सगळा साठा बंद पडला. 'एसडीएफ म्हणजे यांतली कोणती?' या साध्या प्रश्नावर एखाद्या संस्थेची अनेक वर्षांची कागदपत्रे अशी टांगलेली असतात.

युनिक्स आणि त्याच्या कुळातल्या लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, सोलारिस, मॅकओएस अशा प्रणाली गेली पन्नासेक वर्षे हा प्रश्न सोडवत आल्या आहेत. उत्तरे बरीच निघाली. त्यांतली काही फार चांगली आहेत, पण ती एकमेकांत मिसळून वापरली जातात म्हणून गोंधळ होतो. या सगळ्या उत्तरांकडे एकत्र पाहावे, कुठले कशासाठी आहे ते वेगळे करावे, आणि रोजच्या कामात काय पाळावे ते सांगावे, हा या लेखाचा हेतू आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. यंत्राला लागतो तो दुसरीकडे कुठेही नसलेला क्रमांक आणि माणसाला लागते ते अर्थ सांगणारे नाव. एकाच खुणेकडून ही दोन्ही कामे करून घेऊ लागलो की माहिती धोक्यात येते. (आज्ञांची आणि उपकरणांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत; संगणकावर ती रोमन लिपीत द्यावी लागतात.)

जागेवरून पडलेली नावे

युनिक्समध्ये उपकरण म्हणजे एक फाइल. 'डेव्ह' निर्देशिकेतल्या त्या खास फाइलमागे दोन क्रमांक असतात : कोणता ड्रायव्हर, आणि त्या ड्रायव्हरचे कितवे उपकरण. नाव या क्रमांकांवरून पडते, आतल्या माहितीशी त्याचा काही संबंध नसतो. वर्गातल्या मुलाला नावाने हाक न मारता 'तिसऱ्या बाकावरचा डावीकडचा' म्हणावे, तसा हा प्रकार आहे. मुले जागा बदलत नाहीत तोवर तो चालतो.

सुरुवातीच्या काळात जागा खरोखरच बदलत नव्हत्या. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीत तर डिस्कच्या विभागांचे आकारही ड्रायव्हरच्या मूळ संहितेतच लिहिलेले होते. विभागणी बदलायची तर कर्नल पुन्हा संकलित करावे लागे. आयबीएमच्या मोठ्या संगणकांवर तेव्हा प्रत्येक टेपच्या आणि डिस्कच्या आत सहा अक्षरांचा खंडक्रमांक लिहिण्याची शिस्त रुळली होती. कपाटातून आणलेली टेप हवी तीच आहे ना, हे यंत्रच तपासून पाही.

तीच गरज युनिक्सलाही जाणवली. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे फाइल सिस्टीमची मूलभूत माहिती जिथे असते त्या भागात, सहा-सहा बाइटच्या दोन जागा राखलेल्या दिसतात : एक फाइल सिस्टीमच्या नावासाठी, दुसरी डिस्कच्या चकतीसंचाच्या नावासाठी. पुढे सिस्टीम फाइव्ह या युनिक्सच्या आवृत्तीत त्या भरण्यासाठी 'लेबलइट' ही आज्ञा होती, आणि 'व्हॉलकॉपी' ही प्रत काढणारी आज्ञा त्या नावांची पडताळणी करीत असे. बॅकअप चुकीच्या चकतीसंचावर उतरू नये म्हणून ही सोय होती. लेबलाचा तोच उपयोग आजही पहिल्या क्रमांकाचा आहे.

बर्कलीच्या मंडळींनी १९८८ च्या ४.३बीएसडी-टाहो आवृत्तीत 'डिस्कलेबल' आणले. डिस्कची रचना, विभागांचा तक्ता आणि सोळा बाइटचे संचनाम हे सगळे आता डिस्कवरच लिहिले जाऊ लागले. त्याआधी ही माहिती ड्रायव्हरमध्ये आणि प्रणालीच्या एका वेगळ्या फाइलीत असे; म्हणजे डिस्क दुसऱ्या यंत्रावर नेली की ती तिथे अनोळखी. आपली ओळख डिस्कने स्वतःच बाळगावी, ही कल्पना इथे पक्की झाली. 'ए' विभाग रूटचा, 'बी' स्वॅपचा आणि 'सी' म्हणजे अख्खी डिस्क, ही बीएसडी परंपरा याच तक्त्याशी जोडलेली आहे.

लिनक्सवर जागा हलू लागल्या

लिनक्सच्या पहिल्या पंधरा वर्षांत घरच्या संगणकातली (आयडीई प्रकारची) डिस्क 'एचडीए' असे. हे नाव थेट केबल सांगत होते. पहिल्या केबलवरची मुख्य डिस्क एचडीए, दुय्यम एचडीबी. दुसऱ्या केबलवर एचडीसी आणि एचडीडी. स्कझी डिस्कना मात्र सापडतील त्या क्रमाने एसडीए, एसडीबी अशी नावे मिळत. नंतर यूएसबी आले, साटा आले, आणि दोन्हींना हीच सापडण्याच्या क्रमाची पद्धत लागू झाली. रात्री पेनड्राइव्ह लावलेला राहून गेला, तर सकाळी संगणक सुरू होताना मूळ डिस्कची अक्षरे पुढे सरकू शकतात.

जुन्या आयडीई डिस्कही नव्या ड्रायव्हर संचाकडे गेल्या तेव्हा मोठा बदल झाला. २००७ मध्ये फेडोरा ७ आली आणि एचडीए नावाच्या डिस्क एका अद्यतनात एसडीए झाल्या. ज्यांच्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये, म्हणजे कोणती फाइल सिस्टीम कुठे जोडायची त्या यादीत, जुनी नावे होती त्यांच्यापुढे बूट न होण्याचे संकट उभे राहिले. उबुंटूने २००६ च्या ६.१० आवृत्तीतच त्या यादीत यूयूआयडी, म्हणजे फाइल सिस्टीमचा दुसरीकडे कुठेही नसलेला क्रमांक, लिहायला सुरुवात केली होती, त्यामागे हीच दूरदृष्टी होती.

आज कर्नल अनेक उपकरणे समांतरपणे शोधते. ज्या डिस्कने आधी उत्तर दिले तिला आधीचे अक्षर. एनव्हीएमई डिस्कची 'एनव्हीएमई०एन१' ही नावेही कंट्रोलरच्या शोधक्रमावर ठरतात आणि तो क्रम कायम राहील असे वचन कोणी दिलेले नाही. एसडीए हे नाव या बूटपुरते, पुढच्या बूटसाठी त्यावर विसंबायचे नाही, एवढे गृहीत धरूनच आता काम करायला हवे.

ओळखीचे पाच थर

२००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' मांडले. उपकरणांच्या नावांचे धोरण कर्नलबाहेर, नियमांच्या फाइलींत गेले. त्यातून उभी राहिलेली 'डेव्ह'खालची 'डिस्क' निर्देशिका प्रत्येक लिनक्स वापरणाऱ्याने एकदा तरी नीट पाहावी. एकाच डिस्ककडे नेणाऱ्या निरनिराळ्या वाटा तिथे मांडलेल्या असतात, आणि प्रत्येक वाट वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

पहिला थर जागेचा. 'बाय-पाथ' सांगते की डिस्क कोणत्या कंट्रोलरच्या कोणत्या पोर्टवर आहे. त्या पोर्टवर उद्या दुसरी डिस्क आली तरी नाव तेच राहील. सर्व्हरच्या खणांचा नकाशा करायचा असेल तर हीच वाट योग्य.

दुसरा थर वस्तूचा. 'बाय-आयडी'मध्ये कंपनीचे मॉडेल आणि अनुक्रमांक असतो, शिवाय बहुतेक चांगल्या डिस्कना मिळालेला जागतिक क्रमांकही. डिस्क कोणत्याही पोर्टवर न्या, ही ओळख तिच्याबरोबर जाते. एक सावधगिरी हवी : काही स्वस्त यूएसबी डॉक आतल्या डिस्कचा क्रमांक न सांगता स्वतःचाच सांगतात.

तिसरा थर पार्टिशनचा. जुन्या एमबीआर तक्त्यात पार्टिशनला नाव देण्याची सोयच नव्हती. होती ती फक्त अख्ख्या डिस्कची चार बाइटची सही. जीपीटी तक्त्याने प्रत्येक पार्टिशनला स्वतःचा १२८ बिटचा क्रमांक आणि ३६ एककांचे नाव दिले. या थराचा एक खास फायदा आहे. आरंभीची छोटी रॅम-प्रतिमा (इनिटरॅमएफएस) नसली तरी लिनक्स कर्नल पार्टिशनच्या क्रमांकावरून रूट शोधू शकते. फाइल सिस्टीमच्या यूयूआयडीवरून मात्र ते एकट्याने शोधू शकत नाही. रास्पबेरी पायची अधिकृत प्रणाली बूटसाठी पार्टिशनचाच क्रमांक वापरते.

चौथा थर फाइल सिस्टीमचा : 'बाय-यूयूआयडी' आणि 'बाय-लेबल'. पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केले की ही ओळख नवी होते. तिसऱ्या थराची तशीच राहते.

पाचवा थर भूमिकेचा : हा बॅकअप आहे, हा मेलचा साठा आहे, ही जुन्या छायाचित्रांची डिस्क आहे. ही भूमिका यंत्राला आपणहून कळत नाही, ती माणसानेच ठरवायची असते. लेबल हे चौथ्या थरात लिहिले जात असले तरी त्याचे खरे काम पाचव्या थरातले आहे.

पोर्टचा प्रश्न लेबलाला विचारला, किंवा वस्तूचा प्रश्न फाइल सिस्टीमच्या क्रमांकाला विचारला, की चुकीचे उत्तर ठरलेले. बिघडलेली डिस्क शोधताना यूयूआयडी कामाचा नाही, कारण तो डिस्कच्या अंगावर छापलेला नसतो. तिथे अनुक्रमांकच हवा.

नाव आणि क्रमांक शेजारी-शेजारी

एक्स्ट२, एक्स्ट३ आणि एक्स्ट४ या घराण्यात सुपरब्लॉक फाइल सिस्टीमच्या आरंभापासून १०२४ बाइट सोडून सुरू होतो. त्यातल्या १०४ व्या बाइटपासून सोळा बाइटचा यूयूआयडी आणि त्याला लागूनच, १२० व्या बाइटपासून सोळा बाइटचे लेबल. यंत्रासाठीचा क्रमांक आणि माणसासाठीचे नाव यांना रचनाकारांनी सारखीच जागा दिली. लगेच पुढे चौसष्ट बाइटमध्ये ही फाइल सिस्टीम शेवटी कुठे जोडली होती तो पत्ताही लिहून ठेवलेला असतो. निनावी जुनी डिस्क हाती आली तर 'डम्प-ई-टू-एफएस' या आज्ञेने तो वाचावा. डिस्क कशासाठी होती याचा अंदाज पुष्कळदा तिथेच येतो.

लेबल लिहिण्याच्या आज्ञा सोप्या आहेत. एक्स्ट घराण्यासाठी 'ई-टू-लेबल' किंवा 'ट्यून-टू-एफएस', एक्सएफएससाठी 'एक्सएफएस-अ‍ॅडमिन', फॅटसाठी 'फॅटलेबल', स्वॅपसाठी 'स्वॅपलेबल', बीटीआरएफएससाठी तिच्याच मुख्य आज्ञेतला लेबलचा पर्याय. वाचण्यासाठी 'एलएसबीएलके' आणि 'बीएलकेआयडी' या दोन आज्ञा पुरतात.

अडचण आहे ती मर्यादांची, कारण प्रत्येक फाइल सिस्टीमची मर्यादा वेगळी. फॅटमध्ये अकरा अक्षरे, तीही प्रथेने मोठी रोमन. एक्सएफएसमध्ये बारा बाइट. एक्स्ट आणि स्वॅपमध्ये सोळा. सीडीच्या आयएसओ ९६६० रचनेत बत्तीस अक्षरे. बीटीआरएफएसमध्ये २५५ बाइट. फॅटमध्ये आणखी एक गुंता आहे : लेबल बूट सेक्टरमध्येही असते आणि मूळ निर्देशिकेतल्या खास नोंदीतही. एका साधनाने एकच जागा बदलली तर त्याच पेनड्राइव्हची दोन प्रणालींवर दोन नावे दिसतात.

मराठीत लेबल देऊ पाहणाऱ्याला ही मर्यादा जास्त जाचते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, आणि काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. सोळा बाइटमध्ये अशी पाचच चिन्हे मावतात. 'नोंदी' हे लेबल पंधरा बाइटमध्ये बसते. 'संग्रह' अठरा बाइटचे होते. 'ई-टू-लेबल' इशारा देऊन सोळाव्या बाइटवर ते कापते, आणि शेवटच्या अक्षराचा एक तुटका बाइट मागे राहतो. एक्सएफएसच्या बारा बाइटमध्ये 'पुणे' नेमके बसते, 'नाशिक' बसत नाही.

जीपीटीच्या पार्टिशननावात हा जाच नाही. तिथे यूटीएफ-१६ वापरतात आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह एकाच एककात बसते. 'कोल्हापूर कार्यालय २०२४ बॅकअप' एवढे सविस्तर नाव २९ एककांत होते, शिवाय सात उरतात. मराठी नावासाठी हीच जागा वापरावी, असे मी आग्रहाने सांगेन. फाइल सिस्टीमचे लेबल मात्र छोटे रोमन अक्षरांचे ठेवावे, कारण यंत्र अडकते तेव्हा समोर येणाऱ्या लिनक्सच्या साध्या मजकूर-पडद्यावर देवनागरी दिसत नाही आणि तिथे मराठी कळफलकही नसतो. आणीबाणीत जे वाचता आणि टंकता येईल तेच लेबल उपयोगी.

लेबलात मोकळी जागा नको, हेही आलेच. एफएसटॅबमध्ये ती एका प्रकारे लिहावी लागते, यूडेव्हच्या वाटेत दुसऱ्या, आणि स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्ह विसरले की नावाचे दोन तुकडे होतात. आडवी रेघ वापरली की प्रश्न मिटतो.

यूयूआयडी आणि जुळी भावंडे

यूयूआयडीचा उगम अपोलो कॉम्प्युटर कंपनीच्या कामात आहे. तिथून तो वितरित संगणनाच्या मानकांत गेला, २००५ मध्ये आरएफसी ४१२२ आणि २०२४ मध्ये आरएफसी ९५६२ या रूपाने प्रमाणित झाला. १२८ बिट, त्यांपैकी यादृच्छिक प्रकारात १२२ बिट खरोखर यादृच्छिक. दोन फाइल सिस्टीमना अपघाताने एकच क्रमांक मिळण्याची शक्यता व्यवहारात शून्य धरावी. फॅटच्या नावावर जो आखूड 'यूयूआयडी' दिसतो, तो मात्र बत्तीस बिटचा अनुक्रमांक आहे. त्याच्याकडून तीच खात्री मागू नये.

अपघाताने जे होत नाही ते माणूस एका आज्ञेत करतो. 'डीडी'ने डिस्कची हुबेहूब प्रत काढली की क्रमांकही हुबेहूब उतरतो. मूळ आणि प्रत दोन्ही एकाच यंत्राला जोडलेल्या असल्या तर यूडेव्हची वाट दोहोंपैकी एकीकडेच जाते, आणि कोणाकडे ते गृहीत धरता येत नाही. एक्सएफएस अशा वेळी दुसरी प्रत जोडायला सरळ नकार देते, आणि हा नकार योग्य आहे. बीटीआरएफएसमध्ये धोका जास्त. ती अनेक डिस्क मिळून एक फाइल सिस्टीम बनवते आणि सभासद डिस्क क्रमांकावरून ओळखते; त्यामुळे जुळी प्रत तिला स्वतःचीच सभासद वाटू शकते आणि माहिती बिघडू शकते. तिच्या दस्तऐवजात याचा स्पष्ट इशारा आहे. प्रत काढली की ती कामासाठी जोडण्याआधी तिला नवा क्रमांक द्यायचा : एक्स्टसाठी 'ट्यून-टू-एफएस', एक्सएफएससाठी 'एक्सएफएस-अ‍ॅडमिन', बीटीआरएफएससाठी 'बीटीआरएफएस-ट्यून'. प्रत केवळ पुराव्यासाठी किंवा माहिती परत मिळवण्यासाठी असेल, तर ती मूळ डिस्कसोबत जोडायचीच नाही.

लेबलाच्या बाबतीत जुळे होणे याहून सोपे आहे. एके काळी रेड हॅटचे स्थापनासाधन रूटच्या फाइल सिस्टीमला तिरक्या रेघेचे एकच चिन्ह लेबल म्हणून देत असे. एका यंत्रावर ते ठीक होते. पण जुन्या यंत्रातली डिस्क माहिती काढण्यासाठी नव्या यंत्राला जोडली की एकाच लेबलाचे दोन रूट समोर येत. पुढे डिस्कचे गट करणाऱ्या एलव्हीएमच्या गटनावांतही हेच घडले : दोन्ही यंत्रांवर स्थापनेच्या वेळचे एकच ठरीव नाव, आणि डिस्क एकत्र आल्या की झटापट. सर्वांना सारखेच मिळणारे ठरीव नाव हे नाव नसल्यासारखेच.

कुळातले इतर

फ्रीबीएसडीमध्ये 'जीलेबल' हे साधन कोणत्याही डिस्कच्या किंवा पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये नाव लिहिते आणि ते 'डेव्ह'मधल्या 'लेबल' निर्देशिकेत दिसते. जीपीटी आणि यूएफएसच्या लेबलांसाठी शेजारी वेगळ्या निर्देशिका. नाव कोणत्या थरातून आले ते वाटेवरूनच कळते, हा या रचनेचा मोठा गुण. २०१२ मध्ये ९.० आवृत्तीत 'एडी' नावाच्या डिस्क 'एडीए' झाल्या, तेव्हा ज्यांनी लेबले वापरली होती त्यांना काही करावे लागले नाही.

ओपनबीएसडीने २०१० मध्ये डिस्कलेबलमध्येच आठ बाइटचा क्रमांक घातला. एफएसटॅबमध्ये तो क्रमांक, टिंब आणि विभागाचे अक्षर एवढे लिहिले की झाले. डिस्कची ओळख आणि विभागाची ओळख इतक्या थोडक्यात जोडणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही.

मॅकओएसमध्ये साठ्याचे नाव हाच त्याचा पत्ता : 'व्हॉल्यूम्स' निर्देशिकेत त्याच नावाने तो जोडला जातो. एकाच नावाचे दोन साठे आले तर दुसऱ्यापुढे एक हा अंक लागतो. डोळ्यांना हे सोयीचे, पण त्या पत्त्यावर विसंबलेली स्क्रिप्ट चुकीच्या साठ्यावर काम करू शकते. लिनक्सच्या डेस्कटॉपवरही काढत्या-घालत्या डिस्क लेबलाच्याच नावाने जोडल्या जातात, तेव्हा तोच धोका तिथेही.

झेडएफएसने प्रश्नाची मांडणीच बदलली. ती प्रत्येक डिस्कवर २५६ किलोबाइटची चार लेबले लिहिते, दोन आरंभी आणि दोन शेवटी, आणि त्यांत पूलची, म्हणजे डिस्क मिळून बनलेल्या साठ्याची, व सभासद डिस्कची ओळख असते. डिस्क उलटसुलट खणांत घातल्या तरी पूल आयात होतो, कारण जोडणी आतल्या ओळखीवरून होते. तरीही पूल उभारताना डिस्कची नावे 'बाय-आयडी' वाटेने द्यावीत, म्हणजे बिघाडाच्या वेळी स्थिती दाखवणाऱ्या यादीत अनुक्रमांकच दिसेल.

एलव्हीएमही आपल्या प्रत्येक डिस्कच्या पहिल्या चार सेक्टरपैकी एकात, सहसा दुसऱ्यात, आपली खूण आणि यूयूआयडी लिहून ठेवते. वर माणसाने दिलेली गटाची आणि खंडाची नावे राहतात. क्रमांक खाली आणि नाव वर, ही विभागणी इथे अगदी नीट साधली आहे. कूटबद्ध डिस्कसाठीच्या लक्स रचनेत दुसऱ्या आवृत्तीपासून लेबलाची सोय आली. ते लेबल कूटबद्ध नसते, परवलीचा शब्द नसलेल्यालाही वाचता येते. म्हणून रुग्णाचे, अशिलाचे किंवा प्रकरणाचे नाव त्यात कधीही लिहू नये.

कुठे घात होतो

सर्वात वाईट घात बॅकअपमध्ये होतो, आणि तो गुपचूप होतो. रात्रीची स्क्रिप्ट एका निर्देशिकेत प्रत उतरवते. त्या निर्देशिकेवर बाहेरची डिस्क जोडलेली असायला हवी. डिस्क जोडलीच गेली नाही तर निर्देशिका रिकामी पण अस्तित्वात असते, आणि सगळी प्रत मूळ डिस्कवरच उतरत राहते. रोजचा निरोप 'बॅकअप झाला' असाच येतो. स्क्रिप्टने पहिल्याच ओळीत 'फाइंड-एमएनटी'ने तपासावे की तिथे खरोखर काही जोडलेले आहे आणि त्याचा यूयूआयडी अपेक्षित आहे. जुळले नाही तर तिथेच थांबून तक्रार करावी.

दुसरा घात बूटच्या वेळी. एफएसटॅबमधली एखादी डिस्क सापडली नाही तर बूट चालवणारी सिस्टीमडी साधारण नव्वद सेकंद वाट पाहते आणि मग आणीबाणीच्या अवस्थेत नेते. दूरच्या गावातला सर्व्हर एका बॅकअप डिस्कपायी असा अडकू नये म्हणून, जी डिस्क नसली तरी चालेल तिच्या नोंदीत 'नोफेल' हा पर्याय लिहावा. रूटसाठी अर्थातच नाही.

तिसरा घात जुन्या खुणांचा. पूर्वी रेडमध्ये किंवा झेडएफएसमध्ये असलेली डिस्क नव्याने फॉरमॅट केली, तरी शेवटच्या भागातली जुनी खूण राहून जाऊ शकते. मग ओळखणारी साधने गोंधळतात किंवा काहीच सांगत नाहीत. 'वाइपएफएस' ही आज्ञा आधी नुसती यादी दाखवते. ती शांतपणे वाचावी आणि मगच पुसण्याचा पर्याय द्यावा.

आणि लेबलावर विश्वास किती ठेवायचा? कोणीही आपल्या पेनड्राइव्हला हवे ते लेबल देऊ शकतो. सार्वजनिक जागेतल्या यंत्राने केवळ लेबल पाहून काही आपोआप जोडू नये किंवा चालवू नये.

मग पाळायचे काय

यंत्रात कायम बसलेल्या डिस्कसाठी एफएसटॅबमध्ये यूयूआयडी. हातांनी नेल्या-आणल्या जाणाऱ्या डिस्कसाठी लेबल, पण स्क्रिप्टच्या पडताळणीत यूयूआयडीही. एकाच डिस्क-प्रतिमेवरून शेकडो यंत्रे उभी राहतात तिथे भूमिकेचे लेबल योग्य ठरते. उबुंटूच्या क्लाउड प्रतिमांमध्ये रूटला ठरावीक लेबल असते ते याच कारणाने.

लेबल अकरा अक्षरांचे, मोठ्या रोमन अक्षरांतले ठेवावे. ठिकाणाची चार अक्षरे, आडवी रेघ, कामाची तीन अक्षरे, आडवी रेघ, दोन अंकी क्रमांक : बरोबर अकरा. फॅटपासून बीटीआरएफएसपर्यंत सगळीकडे ते बसते. आकार किंवा कंपनी लेबलात नको. ते 'एलएसबीएलके' सांगतेच. बदलत्या बॅकअप डिस्कना एकच लेबल देऊ नये, कारण कोणती डिस्क कधी घरी गेली हे मग सांगता येत नाही.

डिस्क बसवतानाच खणाच्या बाहेर कागदी चिठ्ठी हवी : अनुक्रमांकाची शेवटची अक्षरे, लेबल, बसवल्याची तारीख. ज्या पेट्यांत दिवा पेटवून डिस्क दाखवण्याची सोय आहे तिथे लिनक्सवर 'लेड-सीटीएल' आणि फ्रीबीएसडीवर 'सेसयुटिल' वापरून बिघाडाआधीच एकदा सराव करावा. दिवा आणि चिठ्ठी जुळली तरच डिस्कला हात लावावा. नाव, अनुक्रमांक, लेबल, यूयूआयडी आणि जोडणीची जागा असे पाच रकाने 'एलएसबीएलके'कडून काढून घ्यावेत, आणि ती यादी त्याच सर्व्हरवर न ठेवता छापून दुसरीकडे ठेवावी.

फॉरमॅट करताना एसडीबी, एसडीसी अशी अक्षरे कधी टंकू नयेत. 'बाय-आयडी'ची लांबलचक वाट टंकावी. त्या लांबीमुळे माणूस थांबतो आणि अनुक्रमांक वाचतो, आणि तेवढ्या थांबण्याने अनेक डिस्क वाचतात.

साधने बनवणाऱ्यांकडेही मागणे आहे. स्थापनासाधनाने पार्टिशनचे नाव विचारावे, ठरीव नाव भरून पुढे जाऊ नये. लेबल कापायची वेळ आली तर अक्षराच्या मध्ये कापू नये. देवनागरी, तमिळ, बंगाली वापरणाऱ्या सगळ्यांचा हा साधा हक्क आहे. डेस्कटॉपच्या फॉरमॅट खिडकीत लेबलाची चौकट असतेच. ती रिकामी सोडून पुढे जाता येते ते मात्र बदलायला हवे.

डिस्क घेण्याचे एक जण ठरवतो, दुसरा ती बसवतो, आणि बिघडल्यावर तिच्यासमोर तिसराच उभा राहतो. त्या तिसऱ्याकडे पहिल्या दोघांचा फोन क्रमांक असेलच असे नाही; असतो तो काळा पडदा आणि अर्धा तास. त्याला लागणारी माहिती साठवण्याची जागा बहुतेक फाइल सिस्टीमनी राखून ठेवलेली आहे आणि ती भरायला एक ओळ पुरते. म्हणून ही गोष्ट कोणाच्या आवडीवर सोडू नये. जिथे जिथे सर्व्हर एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तिथे लेबले, चिठ्ठ्या आणि छापील यादी एकमेकांशी जुळल्याखेरीज ताबा पूर्ण झाला असे धरू नये.